रद्दीत गेलेली वही

आमची मोठी मुलगी पुस्तके तपासते. वाचते असे आम्ही म्हटले असते, पण ती नुसते वाचून थांबत नाही. पुस्तक संपले की वहीत त्याचे नाव, लेखकाचे नाव, पाने किती, कोणाकडून आणले, किती दिवसांत झाले हे सगळे लिहिते आणि खाली निकाल देते. निकाल तीनच प्रकारचे : पास, रिवर्क आणि रिजेक्ट. हे शब्द तिने घरातच ऐकलेले.

आम्ही निगडीच्या ओटास्कीममध्ये राहतो. आम्हा उभयतांपैकी एकजण तळवड्याच्या एका शेडमध्ये प्रेस मशिनवरून उतरलेले जॉब गेज लावून तपासतो. दुसरी प्राधिकरणात चार घरची धुणीभांडी आणि केर-फरशी करते. घरात दोन मुली आणि म्हातारी आजी. मुलींचे कालकथित आजोबा १९७२ च्या दुष्काळात परांडा तालुका सोडून इकडे आले. त्यांना सहीपुरतेच लिहिता येई. पण घरात एक ग्रंथ होता, 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म'. वर्षावासात विहारात त्याचे वाचन होई तेव्हा आजोबा पुढच्या रांगेत बसत. पुस्तक म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे तो ग्रंथ आणि मुलींची शाळेची पुस्तके, एवढेच येई. कथा-कादंबऱ्या हा पोट भरलेल्या लोकांचा उद्योग, अशी आमची समजूत होती. ती लपवून काय करायची?

२०२३ च्या उन्हाळ्यात मुलगी आठवीतून नववीत गेली. त्या सुट्टीत प्राधिकरणातल्या एका घरच्या ताईंनी माळ्यावरचे खोके खाली काढले. त्यांचा मुलगा मोठा होऊन परगावी शिकायला गेलेला. "मावशी, तुमच्या मुलीला होतील का बघा, नाहीतर रद्दीत देणार आहे," असे त्या म्हणाल्या. दोन खेपा करून ती पुस्तके घरी आणली. त्यात भा. रा. भागवतांची 'फास्टर फेणे'ची अकरा पुस्तके निघाली.

फास्टर फेणे आमच्या पिढीतल्या पुष्कळांना दूरदर्शनच्या मालिकेमुळे माहीत आहे. २०१७ साली त्याच्यावर चित्रपटही आला. बनेश फेणे हा फुरसुंगीचा मुलगा, पुण्यात शिकायला आलेला, सायकल दामटणारा आणि चोरा-बदमाशांच्या मागे लागणारा. आमच्या मुलीला सगळ्यात नवल वाटले ते फुरसुंगीचे. पुस्तकातले गाव बसने जाता येईल एवढ्या अंतरावर असते, हे तिला ठाऊकच नव्हते. "पप्पा, तुम्ही फुरसुंगी बघितलीय?" पप्पांनी बघितली होती, पण त्यांना ते नाव कचरा डेपोमुळे माहीत! तरी एका रविवारी जाऊन येऊ म्हणून कबूल केले. ते जाणे अजून राहिलेलेच आहे.

वहीतला पहिला निकाल त्याच पुस्तकांचा होता. तिने लिहिले होते की गोष्ट वेगात पळते, पण बन्याच्या घरी पाणी कोण भरते ते समजत नाही. मालीला जास्त कामगिरी द्यायला हवी होती. निकाल : पास.

त्या वेळी आम्ही हसलो. मग एकदा तिने कसल्याशा पुस्तकापुढे नुसते 'रिजेक्ट' लिहिलेले तिच्या पप्पांनी पाहिले आणि गमतीने म्हटले, "कारण कुठाय? आमच्याकडे जॉब नुसता लाल पेटीत टाकून चालत नाही. भोक मोठं, बर जास्त, वाकलेला, काय असेल ते लिहावं लागतं." ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी कारण लिहिले होते. ते पुस्तक एका गरीब प्रामाणिक मुलाचे होते. त्याला रस्त्यात पाकीट सापडते, तो ते मालकाला परत देतो आणि मालक त्याला बक्षीस देतो. आमच्या मुलीने लिहिले : पाकीट परत केल्याशिवाय गरीब मुलाला पुस्तकात घेतच नाहीत.

हे वाचून आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. चौदा वर्षांची पोर. आम्ही तिच्या वयाचे असताना असे काही बोललो असतो तर कानाखाली बसली असती.

नंतर ती काय काय वाचू लागली याचा हिशेब आम्हाला ठेवता आला नाही. काही ताईंकडून, काही महापालिकेच्या वाचनालयातून. प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' तिने सलग दोनदा वाचले. लंपनच्या बोलण्यातले कानडी वळणाचे शब्द घरात वापरून धाकटीला बेजार केले. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणले आहे आणि नॅशनल बुक ट्रस्टने काढले आहे. ते मोठीने धाकटीला रोज रात्री थोडे थोडे वाचून दाखवले. त्यातली शाळा आगगाडीच्या डब्यांत भरते. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी त्या लहान मुलीचे बोलणे चार तास ऐकून घेतात. धाकटीने विचारले, ही शाळा कुठे आहे? मोठीने सांगितले, लढाईत बॉम्ब पडून जळाली. त्या रात्री धाकटी जेवली नाही. मोठीने वहीत लिहिले : पास, पण लहान मुलांना शेवट दुपारी वाचून दाखवावा.

एकदा मध्यरात्री सेकंड शिफ्ट करून तिचे पप्पा घरी आले तर आजीच्या कुशीत पांघरुणाखाली मोबाईलचा उजेड. वाटले, झाले, पोर हाताबाहेर गेली. पांघरूण ओढले तर ती 'किशोर'चा जुना अंक वाचत होती. बालभारतीचे हे मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत ठेवलेले आहेत, हे आम्हाला तिच्याकडूनच समजले. आमच्या लहानपणी शाळेत 'किशोर' येत असे. आम्ही ते कपाटाच्या काचेतून पाहिले. "हाताळून खराब होतील," असे सांगून कपाटाला कायम कुलूप असे. वर्षातून एकदा तपासणीला साहेब येत तेव्हा ते कपाट उघडे दिसे.

२०२४ च्या जूनमध्ये दहावीचे वर्ष सुरू झाले आणि नातेवाइकांचे बोलणेही. "दहावीला पोरगी गोष्टी वाचते? तुम्ही काय करता?" आम्ही कानाआड करीत होतो. मग सप्टेंबरात 'चौघीजणी' आले.

हे पुस्तक ताईंच्या स्वतःच्या आवडीचे. ते त्यांनी दिले नाही, वाचायला दिले. परत करायच्या बोलीने. लुईसा मे अल्कॉट या अमेरिकन बाईंची ही कादंबरी १८६८ सालची. शांताबाई शेळके यांनी ती मराठीत आणली. वडील युद्धावर गेलेले, घरात आई आणि चार मुली, पैशांची ओढाताण. त्यातली ज्यो सारखी लिहीत-वाचत असते. आमच्या मुलीने ते जाडजूड पुस्तक नऊ दिवसांत संपवले आणि वहीत दीड पान लिहिले.

ते पान तिच्या आईच्या हाती पडले ते पेन शोधताना. दप्तरात वही होती, ती उघडली गेली. आता ती वही नाही, पण ते पान आम्हाला पाठ आहे. तिने लिहिले होते :

"पुस्तकात सारखे म्हणतात की हे लोक गरीब आहेत. पण त्यांच्याकडे हॅना कामाला आहे. ज्यांच्याकडे कामाला बाई असते त्यांना गरीब म्हणता येते का, हे आईला विचारायचे. हॅनावर सगळे माया करतात. पण तिला स्वतःचे कोणी आहे का? ती चहा कोणत्या कपातून पिते? माझ्या आईचा कप वेगळा आहे. तो खिडकीत घासणीजवळ असतो. निकाल : पास, पण हॅनाचे रिवर्क."

वाचक बंधू-भगिनींनो, त्या कपाबद्दल या घरात कोणी काही बोलले नव्हते. आठ वर्षे त्या घरी काम चालू होते आणि आठ वर्षे कप खिडकीत होता. नवऱ्यालासुद्धा सांगितले नव्हते. सांगून काय होणार? त्या ताई वाईट नाहीत. आजीच्या ऑपरेशनला त्यांनी न मागता उचल दिली. पुस्तके दिली. मुलीची चौकशी करतात. वाईट असत्या तर काम सोडणे सोपे गेले असते. मुलीने तो कप कधी पाहिला असेल, हेही आम्हाला बराच वेळ आठवेना. मग आठवले, आईला ताप होता तेव्हा एका रविवारी ती मदतीला गेली होती. तेव्हा ती काही बोलली नाही. घरी येऊन अभ्यासाला बसली.

आता खरी धास्ती वेगळीच होती. मुलीची वही ताई मागून वाचत असत. "काय निकाल दिलाय बघू," म्हणून हौसेने पाने उलटत, हसत, शाबासकी देत. पुस्तक परत करताना वही बरोबर जायची हा रिवाजच पडला होता. म्हणजे हे पानही त्यांच्यापुढे जाणार. त्या रात्री आम्ही दोघे पोटमाळ्यावर बसून हळू आवाजात बोललो. एकाचे म्हणणे, तेवढे पान फाडून टाकू. दुसरीचे म्हणणे, फाडलेले पान जास्त दिसते.

अशोक विजयादशमीच्या आधी आम्ही दरवर्षी घर झाडून काढतो. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या साफसफाईत ती वही जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात गेली आणि गठ्ठा रद्दीवाल्याच्या हातगाडीवर. सगळ्याचे मिळून त्रेसष्ट रुपये आले. मुलगी क्लासवरून आल्यावर तिला सांगितले, "दहावी आहे बाई, पुरे झालं आता ते. परीक्षा झाली की नवी वही घे." तिने एकदा सगळीकडे शोधले. मग दप्तर भरून ठेवले. दुसऱ्यांदा विचारले नाही. भांडली असती, आदळआपट केली असती तर बरे वाटले असते. पुढचे काही दिवस ती विचारल्याला उत्तर देई, एवढेच. 'चौघीजणी' कपाटावर पडून होते. ते परत नेऊन देण्याचे आमच्याच्याने होत नव्हते.

चार-पाच दिवसांनी अश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाच्या समारोपाचा कार्यक्रम झाला. एक निवृत्त शिक्षक बोलायला उभे राहिले. त्यांनी सांगितले की बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली निघाला तेव्हा ती त्यात छापली गेली नव्हती. ती मागाहून प्रसिद्ध झाली. तीत बाबासाहेबांनी आपल्या शाळकरी वयाची हकिकत दिली आहे. सुभेदार रामजी मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावत. मुलाने वडिलांना विचारले, ज्यात वरच्यांची थोरवी आणि आपली हीन अवस्था सांगितली आहे ते आपण का वाचायचे? सुभेदारांनी त्याला आपल्या परीने समजावले. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांतले कोणीच आपल्याला का आवडत नाही, हे त्याने वडिलांना सांगितले. त्याआधी शाळेतल्या यशाबद्दल त्याचा सत्कार झाला होता, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी त्याला आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. ते वाचून तो मुलगा हलून गेला होता.

आम्ही ही हकिकत पूर्वीही ऐकली होती. पण त्या दिवशी ती ऐकताना आम्हाला मान वर करवेना. पुस्तकाचा निकाल देणारा मुलगा आणि तो ऐकून घेणारा बाप! आणि हेच सुभेदार रामजी मुलाला पुस्तके आणण्यासाठी लग्न झालेल्या लेकींचे दागिने मागून आणून गहाण टाकत, असे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. आम्ही त्रेसष्ट रुपये घेऊन मोकळे झालो होतो. मुलगी बायकांच्या रांगेत आजीजवळ बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

त्या रात्रीपासून तिच्या आईने 'चौघीजणी' वाचायला घेतले. आईचे शिक्षण आठवी, तेही वीस-बावीस वर्षांपूर्वी सुटलेले. बोट ठेवून एक एक ओळ. दिवसाकाठी चार-पाच पाने, कधी दोनच. मुलगी बघत असे, काही बोलत नसे. एका प्रकरणात ज्यो आणि तिची मोठी बहीण नाटकाला जातात आणि धाकट्या ॲमीला नेत नाहीत. रागाच्या भरात ॲमी ज्योची गोष्टींची वही जाळून टाकते. कित्येक दिवसांचे लिहिलेले, दुसरी नक्कल नाही. त्या पानावर आईचे बोट थांबले. पुस्तकात ते काम निदान लहान बहिणीने रागात केलेले आहे.

२५ डिसेंबरला आम्ही सगळे देहूरोडला गेलो. निगडीहून ते जवळच. याच तारखेला १९५४ साली बाबासाहेबांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्यामुळे दरवर्षी तिथे मोठी गर्दी लोटते. पुस्तकांच्या स्टॉलपाशी मोठी रेंगाळली. बऱ्याच वेळाने तिने ऊर्मिला पवार यांचे 'आयदान' उचलले. मागची बाजू वाचली, चार पाने चाळली, किंमत बघून परत ठेवले. तिच्या पप्पांनी पैसे दिले. परतताना बस भरून येत होत्या, म्हणून धाकटी आणि आजीला बसवून दिले आणि आम्ही तिघे हायवेच्या कडेने चालत निघालो. तेव्हा आईने तिला सगळे सांगितले. कप, ताई, वही, रद्दी, पोटमाळ्यावरचे बोलणे.

ती थोडा वेळ चालत राहिली. मग म्हणाली, "आई, ते पान मी ताईंना दाखवणारच नव्हते. पुस्तक परत द्यायच्या आधी तुला दाखवणार होते. तुला विचारायचं म्हणून लिहिलं पण होतं त्यात."

लिहिले होतेच. आम्ही ते वाचलेही होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. 'चौघीजणी' ताईंना परत दिले. वही कुठे आहे असे त्यांनी विचारले, तेव्हा हरवली म्हणून सांगितले. त्या घरी चहा घेणे बंद केले आहे. "घरून पिऊन आले," एवढेच म्हणायचे. कप अजून खिडकीतच आहे आणि कामही चालू आहे, कारण त्या पैशात धाकटीची फी बसते. दहावीचा निकाल मे २०२५ मध्ये लागला. अठ्ठ्याहत्तर टक्के पडले. नातेवाईक म्हणाले, गोष्टी वाचल्या नसत्या तर ऐंशी पडले असते. असतील बुवा.

मुलगी आता अकरावीत आहे. निकालाच्या दिवशी तिला जाड पुठ्ठ्याची मोठी वही आणून दिली. जुन्या वहीतली आठवतील तेवढ्या पुस्तकांची नावे तिने पहिल्या दोन पानांवर लिहिली. एकतीस झाली. निकाल मात्र पुन्हा लिहिले नाहीत. ते परत वाचल्याशिवाय देता येत नाहीत, असे तिचे म्हणणे. रविवारी सकाळी विहारात बुद्धवंदना झाली की सहा-सात मुले तिच्याभोवती बसतात. ती एका पुस्तकाबद्दल सांगते आणि ती पोरे हुज्जत घालतात. एका मुलाने 'फास्टर फेणे'ला शंभरपैकी दोनशे गुण दिले आहेत.

'आयदान' तिने पास केले. बांबूची आयदाने विणणारी त्यातली आई तिला फार जवळची वाटली. दया पवारांचे 'बलुतं', बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हीही तिने वाचली. पण तिची एक तक्रार आहे आणि ती आम्ही इथे मुद्दाम देतो. ती म्हणते, ही सगळी मोठ्या माणसांनी मागे वळून लिहिलेली आहेत. मला माझ्या वयाची मुलगी पाहिजे, वस्तीत राहणारी, जिचे वडील कंपनीत आणि आई कामाला जाते, आणि तिने फास्टर फेणेसारखे काहीतरी करून दाखवले पाहिजे. शेवटी तिला बक्षीस नको आणि तिची कीवही नको. अशी मराठी कादंबरी तिच्या हाती अजून लागलेली नाही. वाचकांपैकी कोणाला माहीत असेल तर या साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावे.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी भाकरी झाल्यावर ती वही घेऊन आईजवळ येऊन बसली. "चौघीजणी तू पण वाचलंस. तुझा निकाल राहिलाय. बोल, मी लिहिते."

आईने हात पुसले. "पास म्हण."

"कारण?"

"ती वही जळाल्यावर पोरगी जी रडते ना, ते खरं आहे. आणि बापाला बरं नाही म्हणून ती केस कापून विकून पैसे आणती, ते पण."

"आणि हॅना?"

आई थोडा वेळ तव्याकडे बघत राहिली. "हॅनाला रिवर्क. ती घरी गेल्यावर काय करती ते लिहायला पाहिजे होतं."

मुलीने ते तसेच उतरवून घेतले. मग वरचे रकाने भरायला सुरुवात केली. लेखक, अनुवाद, कोणाकडून आणले. "किती दिवसांत वाचलं?"

"मी कुठं मोजले?"

"मी मोजलेत," ती म्हणाली आणि तिने आकडा लिहिला : ५४.